साठ दिवसांचे कलम

ठाण्यात नौपाड्यातील एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवते. भारत आणि त्याचे शेजारी हा मुख्य परीक्षेत हमखास विचारला जाणारा भाग आहे, आणि नेपाळचे प्रकरण आले की बहुतेक विद्यार्थी तीन साले पाठ करून पुढे सरकतात: १९९६ मध्ये माओवाद्यांचे सशस्त्र बंड, २००६ मध्ये शांतता करार, २००८ मध्ये राजेशाहीचा शेवट. दहा वर्षे डोंगरांत लढलेला पक्ष संसदेत कसा आला, त्याला तेथवर कोणी आणले आणि कोणत्या अटींवर आणले, हा खरा अभ्यासाचा भाग मात्र या सालांच्या मध्ये तसाच राहून जातो. म्हणून या वर्षी मी एक संपूर्ण रविवार त्या वाटाघाटींच्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवला.

वर्गात पाच टेबले मांडली. एकावर सात लोकशाहीवादी पक्षांची आघाडी, दुसऱ्यावर माओवादी, तिसऱ्यावर नेपाळी सेना आणि राजवाडा, चौथ्यावर भारत सरकार आणि पाचव्यावर संयुक्त राष्ट्रे. कोणी कोठे बसायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले. प्रत्येक टेबलाला मी एक टिपण दिले होते. त्यात त्या पक्षाला त्या काळी जे ठाऊक होते तेवढेच लिहिलेले होते, आणि पुढे काय घडले याचा आधार कोणीही घ्यायचा नाही असा नियम होता. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असल्यामुळे बदलापूर आणि शहापूरकडची मुले उशिरा पोहोचली. तोवर बाकीच्यांनी आपापल्या टिपणांवर खुणा करून मुद्दे काढून ठेवले होते.

माओवाद्यांचे नेतृत्व शहापूरच्या एका विद्यार्थिनीकडे गेले. ती कायद्याची पदवीधर आहे, बोलायला स्पष्ट आणि मुद्द्याला पक्की. सेनाप्रमुखाची चिठ्ठी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातून आलेल्या मुलाला मिळाली. तो कळव्याला इतरांबरोबर खोली घेऊन राहतो आणि वर्गात क्वचितच स्वतःहून बोलतो. चिठ्ठी वाचून त्याने तिची घडी घातली, खिशात ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

नेपाळमधील संघर्षाची सुरुवात १३ फेब्रुवारी १९९६ रोजी झाली. २००५ पर्यंत स्थिती अशी झाली होती की ग्रामीण भागाच्या फार मोठ्या पट्ट्यात सरकारचा अंमल जिल्ह्याच्या मुख्यालयापुरता उरला होता, आणि दुसरीकडे काठमांडू ताब्यात घेणे माओवाद्यांच्या आवाक्यात नव्हते. दोन्ही बाजूंना एकमेकांचा पराभव करता येत नव्हता. अशा वेळी १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सर्व सत्ता आपल्या हाती घेतली आणि पक्षनेत्यांना स्थानबद्ध केले. त्या एका कृतीने, आजवर एकमेकांच्या विरोधात असलेल्या संसदीय पक्षांना आणि माओवाद्यांना एकत्र बसण्याचे कारण मिळाले. त्याच वर्षी रुकुम जिल्ह्यातील चुनवाङ येथे झालेल्या बैठकीत माओवादी नेतृत्वाने बहुपक्षीय लोकशाही प्रजासत्ताकाचे धोरण स्वीकारले आणि दिल्लीतील बोलण्यांची वाट मोकळी झाली.

सकाळचे सत्र त्या दिल्लीतील बोलण्यांचे होते, आणि ते लवकर मार्गी लागले. २२ नोव्हेंबर २००५ रोजी जो बारा कलमी समझोता जाहीर झाला त्यात निरंकुश राजेशाहीचा शेवट, संविधान सभेची निवडणूक, आणि निवडणुकीच्या काळात दोन्ही सैन्यांवर संयुक्त राष्ट्रांची किंवा अन्य विश्वासार्ह आंतरराष्ट्रीय देखरेख, अशा गोष्टी होत्या. माओवाद्यांनी बहुपक्षीय पद्धती, नागरी स्वातंत्र्ये आणि कायद्याचे राज्य मान्य केले होते, आणि विस्थापितांना घरी परतू देण्याचे व बळकावलेली मालमत्ता परत करण्याचे वचन दिले होते. माझ्या विद्यार्थ्यांनी यातील निम्म्याहून अधिक कलमे टिपणांच्या आधारे स्वतःच लिहून काढली. राजा हा दोघांचाही प्रतिपक्ष असल्याने तेथवर कोणाला फारसे सोडावे लागत नव्हते. अडले ते सहीपाशी. सात पक्षांच्या टेबलावरील मुलाने लेखणी खाली ठेवली आणि सांगितले की ज्यांच्यावर दहशतवादी म्हणून शिक्का आहे त्यांच्या सहीखाली माझी सही दिसली, तर राजा उद्याच मला देशद्रोही ठरवील. प्रत्यक्षातही तोडगा असाच निघाला होता: मजकूर एक, पण निवेदने दोन, प्रत्येकाने आपापल्या नावाने तोच मजकूर स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. वाटाघाटींच्या कामात अशा गोष्टींना फार मोल असते. कोणाला कोणाशेजारी बसलेले दिसावे लागू नये याची काळजी घेतली, तर पुष्कळदा मजकुरावर एकमत होते.

भारताच्या टेबलाचे काम सर्वांत कठीण होते, आणि ते ज्या दोन विद्यार्थ्यांकडे होते त्यांना ते लवकरच जाणवले. भारताचे जाहीर धोरण घटनात्मक राजेशाही आणि बहुपक्षीय लोकशाही या दोन खांबांवर उभे होते. माओवाद्यांना भारत दहशतवादी म्हणत होता. त्यांचे चंद्रप्रकाश गजुरेल आणि मोहन वैद्य हे ज्येष्ठ नेते भारतातील तुरुंगांत होते. आणि तरीही बोलणी भारताच्याच राजधानीत चालली होती. तेव्हाचे केंद्र सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते, आणि सीताराम येचुरी यांच्यासारख्या नेत्याला दोन्ही बाजूंशी मोकळेपणाने बोलता येत होते. “मॅडम, मग आम्ही या खोलीत आहोत की नाही?” असे भारताच्या टेबलावरील मुलीने विचारले. मी सांगितले की खोली तुमच्या अंगणात आहे, पण कागदावर तुमचे नाव कोठेही येणार नाही, आणि जे काही ठरेल त्याच्या यशापयशाची झळ मात्र तुम्हालाच सर्वांत आधी लागेल. उघडी सीमा, लाखो नेपाळी कामगार आणि भारतीय सैन्यातील गुरखा पलटणी हे सर्व त्या टिपणात होते.

मग एप्रिल २००६ ची चिठ्ठी मी त्यांच्या हाती दिली. काठमांडूच्या रस्त्यांवर लोक उतरले होते. डॉ. करण सिंह भारताचे विशेष दूत म्हणून राजांना भेटून आले होते, आणि २१ एप्रिल रोजी राजांनी कार्यकारी सत्ता लोकांना परत देत असल्याचे सांगून सात पक्षांना पंतप्रधानाचे नाव सुचवायला सांगितले होते. आता भारताने काय म्हणावे? दोघांनी आपसात बोलून पाच मिनिटांत स्वागताचे निवेदन लिहिले. भारत सरकारनेही तेव्हा नेमके हेच केले होते. राजांचे ते भाषण रस्त्यावरच्या लोकांनी आणि पक्षांनी नाकारले, आणि परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना लगोलग पुढे येऊन भारत नेपाळी जनतेच्या निर्णयाबरोबर असल्याचे स्पष्ट करावे लागले. २४ एप्रिल रोजी राजांनी विसर्जित संसद पुन्हा बहाल केली. माझ्या मते या प्रकरणात भारताच्या मुत्सद्देगिरीचा खरा कस त्या काही तासांत लागला. अनेक वर्षांचे धोरण एका दिवसात बाजूला ठेवण्याची तयारी तिने दाखवली, म्हणून पुढचे सर्व शक्य झाले.

दुपारच्या सत्राला मी नोव्हेंबर २००६ ही तारीख दिली होती. मधल्या काळात गिरिजाप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले होते, भूमिगत असलेले माओवाद्यांचे नेते पुष्पकमल दाहाल ऊर्फ प्रचंड उघडपणे काठमांडूत येऊन बोलणी करू लागले होते. आता मुख्य प्रश्न शस्त्रांचा होता. सात पक्षांचे म्हणणे असे की बंदूक बाळगणारा पक्ष सरकारात आणि निवडणुकीत कसा घ्यायचा. माओवाद्यांचे म्हणणे असे की निवडणूक होण्याआधी शस्त्रे दिली तर दिलेल्या शब्दाची हमी कोण देणार.

शहापूरची विद्यार्थिनी ठामपणे बोलत होती. “शस्त्रे सोपवली आणि उद्या राजवाड्याचा विचार बदलला, तर माझ्या माणसांनी कोणाच्या भरवशावर राहायचे?” त्यावर सेनाप्रमुखाच्या खुर्चीतील मुलगा सकाळपासून पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. राज्याची सेना आणि बंडखोर यांना एका तागडीत तोलता येणार नाही, माझ्या जवानाच्या हातातली प्रत्येक बंदूक सरकारी दप्तरी नोंदलेली आहे, तिला कुलूप लावा असे सांगण्याचा अधिकार या टेबलावर कोणालाही नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या बोलण्यात पाठ केलेले काही नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या टेबलाने तीन-चार पर्याय पुढे केले: सर्व शस्त्रे आम्हाला द्या, तिसऱ्या देशात नेऊन ठेवा, टप्प्याटप्प्याने नष्ट करा. दोन्ही बाजूंनी ते सर्व फेटाळले, आणि बराच वेळ चर्चा त्याच जागी घोटाळत राहिली.

तेव्हा मी प्रत्यक्षात ठरलेल्या व्यवस्थेचा कागद सर्वांना वाटला. माओवादी सैन्याने सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत जायचे. छावणीच्या पहाऱ्यापुरती मोजकी शस्त्रे वगळून बाकीची सर्व शस्त्रे कंटेनरमध्ये ठेवायची. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर आपल्याला रोज दिसतात तसले लोखंडी कंटेनर, आत फडताळे, दाराला एक कुलूप. त्या कुलपाची किल्ली ज्याची शस्त्रे त्याच्याकडेच राहायची. प्रत्येक शस्त्राची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी करायची आणि दाराला भोंगा व चित्रण करणारे यंत्र जोडायचे. आणि नेपाळी सेनेने बराकीत राहून तितक्याच संख्येची आपली शस्त्रे अगदी याच पद्धतीने कुलूपबंद करायची.

सेनाप्रमुखाने तो कागद दोनदा वाचला. “कुलूप एकच?” त्याने विचारले. मी होकार दिला. “आणि किल्ली त्यांच्याकडे?”

“त्यांची त्यांच्याकडे, तुमची तुमच्याकडे.”

“मग संयुक्त राष्ट्रांच्या हातात काय राहिले?”

उत्तर पाचव्या टेबलावरील मुलीने दिले: “भोंगा आणि नोंदवही.”

हे उत्तर अगदी बरोबर होते. त्या व्यवस्थेत कोणालाही आपले शस्त्र काढून घेता येत होते, पण गुपचूप काढून घेता येत नव्हते. करार मोडायचा तर तो सर्वांच्या देखत मोडावा लागणार होता. सेनेला तितकीच शस्त्रे ठेवावी लागली याने तिच्या ताकदीत जाणवण्याजोगी घट झाली नाही, कारण तिचे संख्याबळ फार मोठे होते. माओवाद्यांना मात्र आपण शरण आलेलो नाही, बरोबरीने आलो आहोत, असे आपल्या तरुणांना सांगता आले. सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांची माणसे पोहोचायच्या आत छावण्यांवर लक्ष ठेवायला भारतीय आणि ब्रिटिश सैन्यांतून निवृत्त झालेले गुरखा नेमले गेले, ही गोष्ट मी सांगितली तेव्हा सेनाप्रमुख पहिल्यांदाच किंचित सैल झाला. दोन्ही बाजूंना आपली वाटावी अशी माणसे शोधून काढणे ही त्या वाटाघाटींतील मला सर्वांत आवडणारी युक्ती आहे. त्याने शेजारच्या सहकाऱ्याशी विचारविनिमय केला आणि व्यवस्थेवर सही केली.

येथवर सर्व काही प्रात्यक्षिकाच्या ठरलेल्या क्रमाने चालले होते. शेवटी २१ नोव्हेंबर २००६ च्या सर्वसमावेशक शांतता कराराचा मजकूर वाचून प्रत्येक टेबलाने त्यावर मत द्यायचे होते. बहुतेकांनी पाने झपाट्याने उलटली. धानोऱ्याचा मुलगा मात्र एका कलमावर थांबला. दोन्ही बाजूंनी युद्धकाळात बेपत्ता केलेल्या आणि मारल्या गेलेल्या माणसांची नावे, आडनावे आणि पत्ते करार झाल्यापासून साठ दिवसांच्या आत जाहीर करायचे आणि कुटुंबीयांना कळवायचे, असे ते कलम आहे. त्याने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, हे साठ दिवस मोजायचे कोणी?”

मी प्रश्न पाचही टेबलांकडे दिला. सात पक्षांनी सांगितले की सरकार मोजेल. माओवाद्यांनी सांगितले की सरकारने आधी आपली यादी द्यावी. भारताने हा नेपाळचा अंतर्गत प्रश्न असल्याचे सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या टेबलाने टिपण पुन्हा पाहून सांगितले की आमच्याकडे शस्त्रे आणि छावण्या मोजण्याचे काम आहे, हे काम आमच्याकडे दिलेले नाही.

त्यावर तो उठला. सेनेच्या टेबलावरची आपली नावाची पट्टी त्याने सहकाऱ्यापुढे सरकवली, भिंतीजवळचे एक रिकामे टेबल ओढून पाच टेबलांच्या मध्ये आणले आणि त्याच्यामागे खुर्ची घेऊन बसला. त्याला थांबवावे असे मला वाटले नाही. “मी गावाकडून आलो आहे,” तो म्हणाला. “पाचांपैकी एकाही टेबलावर गाव नाही.”

मग तो आपल्याकडचे बोलला. त्याच्या लहानपणी शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला रात्री दलमच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र पथकाच्या, लोकांनी उठवून नेले आणि दुसऱ्या दिवशी तो रस्त्यावर सापडला, अंगावर खबऱ्या म्हणून पत्रक. रात्री आलेल्यांना भाकरी दिली म्हणून दिवसा पोलीस विचारायला येत आणि पोलिसांशी बोलले म्हणून रात्री ते विचारायला येत. त्याच्या मोठ्या बहिणीच्या वर्गातली एक मुलगी शाळा सोडून दलममध्ये गेली. काही वर्षांनी तिने आत्मसमर्पण केले आणि आता ती गडचिरोली शहरात राहते, पण गावात येत नाही. तिला कोणी येऊ नको म्हटलेले नाही, आणि ये असेही म्हटलेले नाही. हे सर्व त्याने आवाज न चढवता सांगितले आणि पाचही टेबलांना दोन प्रश्न विचारले. आमची बेपत्ता माणसे कोठे आहेत हे कोण सांगणार, आणि तुमच्या छावण्यांतली पोरे उद्या आमच्या गावात कोण म्हणून परत येणार?

वर्गात त्यानंतर जी शांतता होती ती मी बराच वेळ तशीच राहू दिली. मग पुढचे न सांगण्याचा नियम उठवला आणि नेपाळमध्ये प्रत्यक्षात काय झाले ते सांगितले, कारण त्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे होती.

पक्ष राजकारणात आला, आणि फार वेगाने आला. जानेवारी २००७ मध्ये हंगामी संसदेत माओवाद्यांचे ८३ सदस्य बसले, एप्रिलमध्ये त्यांचे मंत्री सरकारात गेले. १० एप्रिल २००८ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत ते सर्वांत मोठा पक्ष ठरले, मे महिन्यात राजेशाही संपली, आणि ऑगस्टमध्ये प्रचंड पंतप्रधान झाले. दिल्लीतल्या समझोत्यापासून तेथवर तीन वर्षेही लागली नाहीत. अमेरिकेने त्यांच्या पक्षाला दहशतवादाच्या यादीतून काढले ते तर २०१२ मध्ये. म्हणजे एका देशाचा निवडून आलेला पंतप्रधान काही काळ दुसऱ्या देशाच्या दप्तरी दहशतवादी संघटनेचा नेता होता.

छावण्यांतल्या पोरांचे मात्र तसे झाले नाही. संयुक्त राष्ट्रांनी पडताळणी करून १९,६०२ जणांना माओवादी सैन्याचे सदस्य म्हणून मान्यता दिली. त्यांच्याकडून नोंदवलेली शस्त्रे ३,४७५ होती. ४,००८ जण अपात्र ठरले आणि त्यांपैकी २,९७३ जण अल्पवयीन म्हणून अपात्र ठरले, म्हणजे युद्धविरामाच्या वेळी त्यांची अठरा वर्षे पूर्ण झालेली नव्हती. त्यांना छावण्यांतून बाहेर पाठवले गेले ते २०१० च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत, अपात्र हा शेरा कपाळी घेऊन. मान्यता मिळालेल्यांना सैन्यात घ्यायचे की नाही यावर सरकारे अडखळत राहिली. मे २००९ मध्ये सेनाप्रमुख रुक्मांगद कटवाल यांना हटवण्याच्या वादातून प्रचंड यांनी पंतप्रधानपद सोडले. १ नोव्हेंबर २०११ रोजी जास्तीत जास्त ६,५०० जणांना सैन्यात सामावून घेण्याचे ठरले. शेवटी सुमारे १,४०० जणच सैन्यात गेले. बाकीच्या बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छेने निवृत्ती पत्करली. विशीत छावणीत गेलेली मुले तिशीकडे झुकताना बाहेर पडली.

आणि बेपत्ता माणसे? साठ दिवस जानेवारी २००७ मध्ये संपले. सत्यशोधन आणि बेपत्ता व्यक्ती यांच्यासाठीचे दोन आयोग स्थापन झाले ते २०१५ मध्ये. तेरा हजारांहून अधिक, आणि पुढच्या सरकारी मोजदादीप्रमाणे सुमारे सतरा हजार माणसे त्या युद्धात गेली. सुमारे तेराशे कुटुंबे आपल्या माणसाचे काय झाले हे विचारत राहिली.

येथे मला माझे मत स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण वर्गातही मी ते सांगितले. गावाचे टेबल आधीपासून मांडले असते आणि त्याचे समाधान झाल्याशिवाय सही करायची नाही असे ठरले असते, तर २००६ मध्ये करार झाला नसता आणि आणखी माणसे मेली असती. कोइराला आणि प्रचंड यांनी सही केली हे योग्यच झाले. पण ज्या कागदावर एकेक बंदूक क्रमांकासह मोजण्याची व्यवस्था इतक्या बारकाईने लिहिली गेली, त्याच प्रक्रियेतील माणसे मोजण्याचे कलम कोणाच्याही नावावर न टाकता लिहिले गेले, हे मला कधीही पटलेले नाही. भोंगा कुलपाला होता, साठ दिवसांना नव्हता.

अर्थातच चर्चा आपल्याकडे वळली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली, हे सर्वांना ठाऊक होते. मग आपल्याकडे नेपाळसारखा करार का नाही, असे बदलापूरच्या विद्यार्थ्याने विचारले. मी दोन फरक सांगितले. नेपाळमध्ये पक्षांना आणि बंडखोरांना जोडणारा राजा होता आणि नवी राज्यघटना लिहायची होती. आपल्याकडे राज्यघटना आहे, निवडणुका होतात, आणि त्या नाकारूनच हे बंड उभे राहिले. दुसरे, बोलण्याचा प्रयत्न येथेही झाला होता: ऑक्टोबर २००४ मध्ये आंध्र प्रदेश सरकार आणि नक्षलवादी नेते हैदराबादेत समोरासमोर बसले, निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांच्यासारख्या माणसाने त्यासाठी वर्षानुवर्षे खपून वाट तयार केली होती, आणि ती बोलणी मुख्यतः एका मुद्द्यावर अडकली की गावांत फिरताना त्यांनी शस्त्र बाळगायचे की नाही. जानेवारी २००५ मध्ये ती मोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत नेपाळचा समझोता झाला. शस्त्र कोठे ठेवायचे याचे उत्तर सापडले की नाही, एवढ्यावर दोन्हींचे भवितव्य पुष्कळ अंशी ठरले, असे मला वाटते.

धानोऱ्याच्या मुलाला या चर्चेत रस नव्हता. तो कलम नव्याने लिहीत होता. साडेपाचच्या सुमारास त्याने ते वाचून दाखवले. दोन्ही बाजूंनी बेपत्ता व्यक्तींची आपापली नोंदवही कंटेनरला कुलूप लावण्याच्या दिवशीच निरीक्षकांकडे द्यायची. नोंदवही दिल्याशिवाय शस्त्रे ठेवल्याची नोंद पूर्ण धरायची नाही. शस्त्रांची नोंद पूर्ण झाल्याशिवाय त्या पक्षाला हंगामी संसदेत जागा किंवा सेनेला बराकीबाहेर पडण्याची परवानगी द्यायची नाही. आणि प्रत्येक गावाची यादी त्या गावात जाऊन वाचायची. अपात्र ठरणाऱ्या मुलांसाठी त्याने एक ओळ वेगळी घातली होती, की त्यांना छावणीत ठेवायचे नाही, शाळेच्या दाखल्यासह लगेच बाहेर काढायचे आणि दाखल्यावर छावणीचा उल्लेख करायचा नाही.

दिवसभर एकमेकांचे शब्द खोडणारी शहापूरची विद्यार्थिनी आणि सेनेच्या टेबलावर मागे उरलेला विद्यार्थी एकाच वेळी उभे राहिले आणि दोघांनी कलम वगळण्याची मागणी केली. तिचे म्हणणे, अशी वही दिली तर माझे कमांडर छावणीऐवजी तुरुंगात जातील आणि एकही बंदूक कंटेनरपर्यंत येणार नाही. त्याचे म्हणणे, माझ्या बराकीतून कोण नेले गेले हे मी लिहून दिले तर सेना मला खुर्चीत राहू देणार नाही. दोघेही आपापल्या भूमिकेला धरून प्रामाणिकपणे बोलत होते, आणि प्रत्यक्षातही या विषयावर दोन्ही सैन्यांचे हित नेमके असेच जुळलेले होते. सात पक्षांना करार हवा होता म्हणून त्यांनी कलम परिशिष्टात टाकण्याची सूचना केली. संयुक्त राष्ट्रांच्या टेबलावरील मुलीने विचारले की शिक्षेचा प्रश्न पुढे ठेवून आज केवळ नावे आणि ठिकाणे मागितली तर चालेल का. धानोऱ्याच्या मुलाने थोडा विचार करून होकार दिला. माओवाद्यांच्या नेत्रीने एक दिवसाची मुदत मागितली. सेनेने नकार कायम ठेवला.

सहा वाजता हॉल दुसऱ्या वर्गासाठी रिकामा करून द्यायचा होता, त्यामुळे मसुदा सह्यांविना राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले आणि भूमिका बदलायच्या की त्याच ठेवायच्या याची विचारणा झाली. धानोऱ्याच्या मुलाने गावाचे टेबल शहापूरच्या विद्यार्थिनीला द्यावे असे सुचवले आणि स्वतःसाठी सेनाप्रमुखाची खुर्ची परत मागितली. हे कलम मान्य करण्यासाठी सेनेला काय काय द्यावे लागेल याचा हिशेब त्याला त्या खुर्चीत बसून मांडायचा होता.